हुबेहूब चित्र आणि खरी वास्तू

पूर्वी घर बांधावयाचे झाले म्हणजे गवंडी जमिनीवर फक्की टाकून खोल्या आखून देई आणि घरची माणसे त्या रेषांत उभी राहून देवघर कोठे, चूल कोठे, याचा खल करीत. आज डोळ्यांवर यंत्र चढविले की न बांधलेल्या घरातही हिंडता येते. भिंतीवर ऊन पडलेले दिसते, पडदे हलतात. ही विद्या उपकारक आहे, यात शंका नाही. परंतु चित्र जितके हुबेहूब, तितके आपण त्यास प्रश्न कमी विचारतो, असे मला वाटते.

पॅरिसच्या नोत्र दाम या प्रार्थनामंदिराचेच उदाहरण घ्या. 'असॅसिन्स क्रीड युनिटी' या २०१४ सालच्या संगणकीय खेळात फ्रेंच राज्यक्रांतीच्या वेळचे पॅरिस उभे केले आहे. त्यातील नोत्र दाम पाहून खेळणारे थक्क झाले. पण छपरावर दिसणारे ते निमुळते शिखर १८५९ साली, म्हणजे राज्यक्रांतीनंतर बऱ्याच काळाने, उभारलेले! आपल्या मनातले नोत्र दाम त्या शिखरावाचून पुरे होत नाही. म्हणूनच ही चूक सहसा खटकत नाही. पुढे १५ एप्रिल २०१९ रोजी आग लागून ते शिखर कोसळले. पुनर्बांधणीस आधार लागला तो मापांचा. अँड्र्यू टॅलन यांनी आगीपूर्वी लेसर किरणांनी घेतलेली मापे त्या कामी आली आणि डिसेंबर २०२४ मध्ये मंदिर पुन्हा उघडले.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. डोळ्यांवरील यंत्रातून पाहताना माणसे अंतराचा अंदाज प्रत्यक्षाहून कमी करतात, असे अनेक प्रयोगांत आढळले आहे. चित्र अधिक रेखीव केल्याने हा दोष पुरता जात नाही. शिवाय दुपारचा उकाडा, शेजारचा गोंगाट, जिना चढून दुखणारे आजीचे गुडघे हे त्या चित्रात कोठून यावे?

विद्यार्थिमित्रहो, उद्या तुमच्यापैकी कोणी घर विकत घेईल, कोणी शाळा वा रुग्णालय बांधील. तेव्हा चित्र अवश्य पाहा; पण त्यावर होकार देण्यापूर्वी मापे मागून घ्या. अंगणात खडूने तेवढीच खोली आखा, तीत खाट टाका, दार उघडावयास जागा उरते का ते पाहा. गवंड्याच्या त्या फक्कीच्या रेषा दिसावयास साध्या होत्या. पण त्यांत उभे राहून घरातले प्रत्येक माणूस 'भिंत थोडी सरकवा' असे म्हणू शकत होते.