घरगुती शास्त्र : मुकी झालेली तबकडी

गेल्या कार्तिकांत कांहीं कौटुंबिक कामानिमित्त आमचें हिंगोलीस जाणें झालें. तेथें आमच्या आत्याबाई राहतात. त्यांचें वय आतां ऐंशींच्या पुढें गेलें आहे. त्यांचे यजमान हयात असतां सणावारीं घरच्या घरीं नारदीय कीर्तन करीत. याच जिल्ह्यांतील नर्सी हें नामदेवरायांचें जन्मस्थान अशी परंपरा आहे. तेव्हां या बाजूस कीर्तनाची गोडी घरोघर असावी यांत नवल नाहीं.

सन २००६ च्या नवरात्रांतील त्यांचें एक कीर्तन कोणीं तरी टेपवर धरून ठेविलें होतें. पुढें बाजारांतील एका दुकानांतून त्याची सीडी करून घेण्यांत आली. मूळ कॅसेट एका पावसाळ्यांत ओल लागून निकामी झाली, आणि कांहीं वर्षांनीं कीर्तनकारही राहिले नाहींत. उरली ती ही एकच तबकडी. आत्याबाई ती देव्हाऱ्याखालच्या फडताळांत, पोथीच्या रुमालांत बांधून ठेवीत.

आम्ही पोंचलों त्याच्या आदल्याच आठवड्यांत त्यांच्या नातवानें ती संगणकांत घातली, तों संगणकानें 'तबकडी घाला' असें उलट त्यासच सांगितलें! विकत आणलेल्या गाण्यांच्या सीड्या तोच ड्राइव्ह बिनतक्रार वाजवीत होता. डीव्हीडीवरील चित्रपटही दिसत होता. नातवानें ड्रायव्हर काढून पुन्हा घातला, संगणक चार वेळां बंद करून चालू केला, आणि शेवटीं "काका, ही सीडी गेली" असा निकाल दिला. आत्याबाई एवढेंच म्हणाल्या, "अरे, त्यांचा आवाज तेवढ्यांतच आहे रे."

हा प्रसंग एकाच घरचा नव्हे. सन २००० नंतरचीं दहा-पंधरा वर्षें मुंजी, लग्नें, बारशीं, वडील माणसांचीं छायाचित्रें आणि आवाज हें सर्व तबकड्यांवर भरून कपाटांत ठेवण्याची चाल आपल्याकडे होती. आतां त्या तबकड्या जुन्या झाल्या आहेत, आणि त्या वाचणारीं यंत्रेंही घरांतून नाहींशीं होत आहेत. म्हणून या महिन्याचें आमचें पान याच विषयास देत आहों.

विकतची तबकडी आणि भरून घेतलेली तबकडी या दिसावयास सारख्या, परंतु घडणीनें भिन्न. विकतच्या सीडीवर कारखान्यांत साच्यानें सूक्ष्म खड्डे उठविलेले असतात. त्यांची ओळ मधून बाहेरच्या कडेकडे सर्पिलाकार जाते, आणि ओळीच्या दोन वेढ्यांतील अंतर १.६ मायक्रोमीटर, म्हणजे केसाच्या जाडीहूनही पुष्कळ कमी असतें. खड्ड्याची खोली लेसरकिरणाच्या तरंगलांबीच्या सुमारें पाव असते. त्यामुळें खड्ड्याच्या तळावरून परतलेला प्रकाश आणि सपाटीवरून परतलेला प्रकाश यांत अर्ध्या तरंगाचें अंतर पडतें. दोघे एकमेकांस खोडून काढतात, आणि यंत्रास तेथें अंधार दिसतो. उजेड आणि अंधार यांच्या या आलटापालटींतूनच पुढें गाणें उभें राहतें.

प्रकाशानें प्रकाश खोडावा हें ऐकून नातवास मौज वाटली. त्यास आम्हीं सांगितलें कीं, याच तत्त्वावरचा एक थोर प्रयोग तुझ्याच जिल्ह्यांत होऊं घातला आहे. औंढा नागनाथ तालुक्यांत लायगो-इंडिया ही वेधशाळा उभारण्यास केंद्र सरकारनें एप्रिल २०२३ मध्यें सुमारें २६०० कोटी रुपयांची मंजुरी दिली. तेथें काटकोनांत पसरलेल्या, प्रत्येकीं चार किलोमीटर लांबीच्या दोन भुजांतून लेसरकिरण परत आणून ते एकमेकांस खोडतात कीं नाहीं हें पाहावयाचें, आणि त्यावरून दूरच्या ताऱ्यांच्या टकरींनीं उठलेली गुरुत्वलहर ओळखावयाची. अशी लहर प्रथम पकडली गेली ती १४ सप्टेंबर २०१५ रोजीं, अमेरिकेंतील अशाच वेधशाळांत. घरांतल्या ड्राइव्हांत त्याच तत्त्वाची अगदीं धाकटी भावंड बसलेली आहे.

भरलेल्या तबकडींत मात्र खरे खड्डे नसतात. तेथें प्लास्टिक आणि धातूचा आरसा यांमध्यें रंजकद्रव्याचा पातळ थर असतो. भरतेवेळीं प्रखर लेसरनें तो थर जागोजाग भाजतात. भाजलेल्या जागीं परतणारा प्रकाश मंदावतो, आणि वाचणारें यंत्र त्यासच खड्डा समजतें. सीडी बाजारांत प्रथम आली ती १९८२ सालीं. अशा एकदांच लिहिण्याच्या सीडीची प्रमाणें ठरलीं ती १९९० सालीं. त्या प्रमाणांनुसार विकतच्या तबकडीनें निदान ७० टक्के प्रकाश परत द्यावा, भरलेलीनें ६५ टक्के. आणि पुनःपुन्हा पुसून लिहावयाची जी सीडी-आरडब्ल्यू, ती तर १५ ते २५ टक्केच देते. शिवाय रंजकद्रव्य वर्षानुवर्षें उन्हानें व उष्णतेनें फिकट होतें. तेव्हां यंत्राची नजर किंचित मंदावली कीं, ठळक अक्षर वाचणाऱ्या पण बारीक अक्षरापाशीं अडणाऱ्या म्हाताऱ्या माणसासारखी त्याची गत होते. विकतची तबकडी चालते, म्हणून यंत्र निर्दोष, असें अनुमान काढणें येथें चुकतें. नातवाची चूक नेमकी हीच होती.

यास्तव पहिली गोष्ट ही कीं, दोष तबकडीचा कीं यंत्राचा हें आधीं ठरवावें. संगणकास ड्राइव्हच दिसत नसेल तर वायर, वीजपुरवठा किंवा ड्रायव्हर तपासावा. ड्राइव्ह दिसतो, विकतच्या तबकड्या वाचतो, आणि केवळ भरलेल्या नाकारतो, असें असल्यास ड्रायव्हर बदलून फारसें साधत नाहीं. दोष बहुधा नजरेंत, म्हणजे भिंगांत किंवा लेसरमध्यें असतो. आणखी एक भेद ध्यानांत ठेवावा. सीडीसाठीं ७८० नॅनोमीटरचा अवरक्त लेसर लागतो आणि डीव्हीडीसाठीं ६५० नॅनोमीटरचा तांबडा. दोन्ही वाचणाऱ्या ड्राइव्हांत दोहोंची सोय असते, आणि त्यांतील एक थकला तरी दुसरा चालूं शकतो. म्हणून डीव्हीडी दिसते एवढ्यावरून सीडीचा लेसर धड आहे असें समजूं नये.

आम्हीं घरांतली दुसरी एक भरलेली सीडी, नातवाच्या मुंजीच्या छायाचित्रांची, घालून पाहिली. तीही वाचेना! येथें अर्धा उलगडा झाला; कारण दोन निरनिराळ्या ठिकाणीं भरलेल्या तबकड्या एकाच वेळीं मराव्यात, यापेक्षां ड्राइव्हच्या भिंगावर धूळ बसली असावी, हें अधिक संभवनीय होतें. ड्राइव्ह वायरीनें जोडावयाचा, पातळ जातीचा होता. अशा ड्राइव्हची खण बाहेर ओढली असतां भिंग उघडें दिसतें. वायर काढून ठेवून, कापसाच्या काडीस आयसोप्रोपिल अल्कोहोलचा एक थेंब लावून, भार न देतां भिंग पुसलें आणि पूर्ण वाळूं दिलें. भिंग बारीक तारांवर तोललेलें असतें. तें दाबलें कीं कामांतून गेलें. वीज चालू असतां उघड्या भिंगाकडे पाहूं नये हें सांगणें नकोच. नंतर वायर संगणकाच्या मागील बाजूस जोडली. कारण अशा ड्राइव्हास पुढच्या छिद्रांतून कधीं कधीं पुरेशी वीज मिळत नाहीं. मुंजीचीं छायाचित्रें दिसूं लागलीं.

कीर्तनाची तबकडी मात्र फिरे, थांबे, पुन्हा फिरे, आणि गप्प राही. तिरप्या उजेडांत धरली तेव्हां चकाकत्या बाजूवर तेलकट साय दिसली. देव्हाऱ्याखालीं रोजच्या समईनिरांजनाचा धूर, दुसरें काय! भक्तीनें ठेविलेली वस्तू भक्तीच्याच धुरानें आंधळी झाली होती. साबणाचा एक थेंब घातलेल्या कोमट पाण्यानें ती धुतली आणि मऊ सुती फडक्यानें मधून कडेकडे सरळ पुसली. गोल गोल पुसण्याची संवय येथें घातक आहे. सीडीवरील मजकूर अशा हिशेबानें विखरून लिहिलेला असतो कीं, ओळीच्या दिशेनें सुमारें अडीच मिलिमीटर भाग वाचतां आला नाहीं तरी यंत्र तो जुळवून घेतें. आडवा ओरखडा प्रत्येक वेढ्यास थोडाच छेदतो. ओळीला समांतर गेलेला ओरखडा मात्र लांबच लांब भाग एकदम खातो. टूथपेस्टनें घासण्याचे प्रयोगही एकुलत्या एका तबकडीवर करूं नयेत.

धुतल्यावर ड्राइव्हनें तबकडी ओळखली. सुमारें सत्तर मिनिटांच्या कीर्तनापैकीं पूर्वरंग सर्व उतरला. उत्तररंगांत तो जागोजाग अडखळूं लागला. आम्ही तीच तबकडी शेजारच्या घरीं असलेल्या दुसऱ्या बनावटीच्या जुन्या ड्राइव्हांत घालून पाहिली. एका यंत्रास जें साधत नाहीं तें दुसऱ्यास साधतें, असा यांत पुष्कळदां अनुभव येतो. विशेषतः वेग कमी ठेविला असतां. त्यानें उत्तररंगही दिला. शेवटचीं तीन-चार मिनिटें मात्र कोणत्याच यंत्रानें दिलीं नाहींत.

त्याचें कारण तबकडीच्या पाठीवर होतें. दुकानांत तीवर नांवाचा कागद चिकटविलेला होता. त्याची कड सुटली होती, आणि ती सुटतांना खालच्या आरशाचे पापुद्रे घेऊन गेली होती. उजेडाकडे धरली तर तेवढ्या जागीं तबकडी आरपार दिसे. सीडीचा आरसा पाठीच्या बाजूस केवळ रोगणाच्या पातळ लेपाखालीं असतो. म्हणून खालच्या बाजूच्या ओरखड्यापेक्षां पाठीवरची जखम वाईट. डीव्हीडींत तो दोन थरांच्या मधोमध असल्यानें अधिक सुरक्षित. सीडीवर कागद चिकटवूं नये, बॉलपेननें लिहूं नये, आणि चिकटविलेला कागद सुटूं लागला तरी उपटूं नये. आणि लेखन मधून बाहेर जात असल्यामुळें, कडेची जखम ही नेहमीं शेवटाची जखम असते.

आणखी एका कारणाचा उल्लेख केला पाहिजे, कारण त्यानेंही पुष्कळ चांगल्या तबकड्या मेलेल्या ठरतात. भरण्याचें काम संपल्यावर तबकडी 'बंद' करावी लागते, म्हणजे तीवर शेवटची अनुक्रमणिका लिहावी लागते. तें राहिलें असेल तर दुसरीं यंत्रें तिला कोरी समजतात. ज्या संगणकावर किंवा कॅमेऱ्यावर ती भरली, तो अद्याप असल्यास तेथेंच प्रथम पाहावें.

जें मिळालें तें त्याच दिवशीं संगणकावर उतरवून घेतलें, एक प्रत बाहेरच्या डिस्कवर ठेविली आणि एक आम्हीं बरोबर आणिली. तबकडी दुरुस्त झाली असें मानून पुन्हा फडताळांत ठेवणें हा शुद्ध भाबडेपणा होय. ती वाचली गेली तोच क्षण साधावयाचा. दुसरी संधि मिळेलच असें नाहीं. एकच प्रत असणें म्हणजे प्रत नसण्याचीच पहिली पायरी.

संध्याकाळीं दिवेलागणीनंतर नातवानें तें कीर्तन लावलें. आत्याबाई भिंतीशीं टेकून डोळे मिटून ऐकत होत्या. उत्तररंग संपला, आरतीला आरंभ झाला, आणि दुसऱ्याच ओळींत आवाज तुटला. नातू ओशाळून यंत्राकडे वळला, तों आत्याबाईंनीं पुढची आरती स्वतःच म्हणावयास सुरुवात केली. तीच चाल, तोच ठेका. नातवानें हळूच फोन पुढें सरकवून ती धरून ठेविली, आणि दुसऱ्या दिवशीं कीर्तनाच्या शेवटीं जोडून दिली.

वाचकांपैकीं कोणाच्या फडताळांत अशी एखादी तबकडी असल्यास त्यांनीं ती या रविवारींच काढून पाहावी. आणि ज्यांचे आवाज अद्याप तबकडीविना ऐकूं येतात, त्यांच्याजवळही घटकाभर बसावें.