भिंतीवरचे डबे एकमेकांशी का बोलत नाहीत?

‘एक ना धड, भाराभर चिंध्या’ ही म्हण कुठल्याही कॉलेजच्या वायफायला चपखल बसते. लायब्ररीत, हॉस्टेलच्या पॅसेजमध्ये, जिन्यात जरा मान वर करून बघा. इथे एक पांढरा गोल डबा, पुढच्या वळणावर दोन अँटेनांचा काळा, वरच्या मजल्यावर तिसऱ्याच कंपनीचा. ज्या वर्षी जो स्वस्त मिळाला तो आणून लावला. सगळ्यांचे दिवे हिरवे. तरीही लायब्ररीतून वर्गाकडे चालत निघालं की चालू कॉल तुटतो, आणि परीक्षेचा फॉर्म सबमिट करताना ते चक्र फिरतच बसतं.

आपण लगेच म्हणतो, ‘नेट स्लो आहे.’ माझं म्हणणं असं की पुष्कळदा नेट ठीक असतं. बिघाड असतो तो डब्यांच्या आपसातल्या नात्यात.

मुळात वायफायचा नियमग्रंथ एकच आहे. ‘८०२.११’ हे मानक १९९७ साली आलं. १९९९ मध्ये कंपन्यांनी मिळून एक संघटना काढली, तीच आजची वायफाय अलायन्स. वेगवेगळ्या कंपन्यांची उपकरणं एकमेकांशी जुळतात की नाही, हे ती तपासते. म्हणून तर तुमचा फोन कुठल्याही कंपनीचा असला तरी कुठल्याही डब्याला जोडला जातो. पण हे झालं फोन आणि डबा यांचं. डबा आणि डबा यांचं काय?

आपल्या खडेबाजारात दुकानदार गिऱ्हाइकाशी मराठीत बोलतो, कन्नडमध्ये बोलतो, वेळ पडली तर हिंदीतही बोलतो. गिऱ्हाइकाचं अडत नाही. पण शेजारच्या दुकानाची उधारीची वही त्याला वाचता येईल का? ती ज्याची त्याच्या खुणांनी लिहिलेली. वायफायचं नेमकं असंच झालंय.

डब्यांनी आपसात कसं बोलावं यासाठी ‘८०२.११ एफ’ नावाची शिफारस २००३ मध्ये आली. कंपन्यांनी ती फारशी मनावर घेतली नाही, आणि २००६ मध्ये ती मागेही घेतली गेली. २००८ मध्ये ‘८०२.११ आर’ आलं. फोन एका डब्याकडून दुसऱ्याकडे जाताना ओळख पटवण्यात वेळ जाऊ नये म्हणून ते केलं. त्यात फोननं डब्याशी काय बोलायचं ते ठरवलं. पण सुरक्षेची किल्ली एका डब्याकडून दुसऱ्याकडे कशी पोचवायची, हे ज्या त्या कंपनीवर सोडलं. प्रत्येकीनं आपापली वाट काढली. म्हणूनच एका कंपनीचा कंट्रोलर दुसऱ्या कंपनीच्या डब्याला सहसा ओळखच देत नाही. केबल न टाकता दोन डबे हवेतून जोडायचे म्हटलं, तर तिथेही तीच तऱ्हा. २०१८ मध्ये वायफाय अलायन्सनं ‘ईझीमेश’ नावाचं प्रमाणपत्र आणलं. पण दोन्ही डब्यांकडे ते असेल तरच त्याचा उपयोग.

मराठी वाङ्मय मंडळाला हे दुखणं नवं नाही. जुन्या अंकांच्या फाइल्स उघडून बघा. एका कंपनीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेली कविता दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडली की नुसती चिन्हांची खिचडी. प्रत्येक फॉन्टवाल्यानं अक्षरांचे आकडे आपल्या मर्जीनं ठरवलेले. देवनागरी युनिकोडमध्ये आली १९९१ सालीच, पण छापखान्यांत आणि ऑफिसांत ती रुळायला पुढे कितीतरी वर्षं गेली. मानक कागदावर असून भागत नाही. विकत घेणाऱ्यानं ते मागावं लागतं.

यावर काहीजण म्हणतील, ‘मग सोपं आहे, सगळं एकाच कंपनीचं घ्या!’ हे अर्धंच खरं आहे. डबे एकमेकांना ओळखतील, कबूल. पण एकदा त्या दावणीला बांधलं गेलं की पुढच्या वर्षीचं लायसन ती म्हणेल त्या भावानं. मॉडेल बंद झालं की जुने डबे भंगारात. कॉलेजचा पैसा शेवटी आपल्याच फीमधून येतो.

मला मधला रस्ता बरा वाटतो. एका इमारतीत एकाच कंपनीचे डबे असावेत, कारण चालता चालता डबा बदलतो तो तिथेच. मैदानापलीकडच्या इमारतीत दुसरी कंपनी असली तरी फारसं बिघडत नाही. प्रत्येक डब्यापर्यंत केबल टाकावी, हवेतून जोडण्याच्या भानगडीत पडू नये. नेटवर्कचं नाव, पासवर्ड आणि सुरक्षेचा प्रकार सगळीकडे एकच ठेवावा, म्हणजे निदान फोन आपला आपण दुसरीकडे जोडला जाईल. २.४ गिगाहर्ट्झवर शेजारशेजारच्या डब्यांना १, ६ आणि ११ हे चॅनल वाटून द्यावेत, नाहीतर सगळे एकमेकांच्या बोलण्यात बोलतात. वीजसुद्धा बघून घ्यावी. काही डबे केबलमधून ‘८०२.३ एएफ’ या मानकाप्रमाणे वीज घेतात, काहींना २४ व्होल्टचा स्वतःचाच अडॅप्टर लागतो. याचा स्विच त्याला चालत नाही.

आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे खरेदीच्या कागदावर नुसतं कंपनीचं नाव नको, मानकांची नावं हवीत. बिल देण्याआधी पुरवठादारानं फोनवर कॉल चालू ठेवून तळमजल्यापासून वरच्या मजल्यापर्यंत चालून दाखवावं. कॉल तुटला तर बिल थांबलं. या चाचणीला एक पैसाही खर्च नाही.

ज्याच्या फोनमध्ये रोजचा डेटा भरपूर आहे, त्याला हे सगळं वाचून हसू येईल. पण हॉस्टेलमध्ये असे कितीतरी जण आहेत ज्यांचा रिचार्ज महिन्याच्या विसाव्या दिवशी संपतो. स्कॉलरशिपचा फॉर्म भरायला त्यांच्याकडे कॉलेजचं वायफाय सोडून काही नाही. शेवटच्या तारखेला पान अडकलं तर त्यांचं वर्षभराचं गणित कोलमडतं. तेव्हा पुढची खरेदी निघेल त्या मीटिंगमध्ये आपल्या विद्यार्थी प्रतिनिधीनं एवढा एकच प्रश्न विचारावा: ‘सर, हा नवा डबा शेजारच्या डब्याशी बोलतो का?’