षष्ठी आणि चतुर्थी

वकिलाने कामात हयगय केली तर अशिलाला ग्राहक आयोगाकडे नुकसानभरपाई मागता येईल काय? येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १४ मे २०२४ रोजी ठरवले. हा निकाल ज्या खुंटीवर टांगला आहे ती विभक्तीची खुंटी आहे. म्हणून भाषेच्या माणसांनीही तो वाचायला हवा.

मूळ प्रकरण दिल्लीचे. न वटलेल्या वीस हजारांच्या धनादेशापायी एका गृहस्थाने वकील नेमला. समोरच्याने दिलेली रक्कम वकिलाने आपल्याला पोचवली नाही, ही त्याची तक्रार. २००७ साली राष्ट्रीय आयोगाने वकिली ही कायद्याच्या अर्थाने 'सेवा' मानली. पुढची सतरा वर्षे प्रश्न सर्वोच्च न्यायालयाशी अडकला.

कायद्यातून 'व्यक्तिगत सेवेचा करार' वगळलेला आहे. १९९५ साली डॉक्टरांच्या प्रकरणात याच न्यायालयाने भेद केला होता : 'सेवेचा करार' धनी आणि चाकर यांच्यातला, 'सेवेसाठी करार' स्वतःच्या कौशल्याने काम करणाऱ्याशी केलेला. डॉक्टर चतुर्थीत गेले आणि कायद्याच्या कक्षेत आले. ('साठी' हे शब्दयोगी अव्यय खरे, पण अर्थ चतुर्थीचाच.) वकील मात्र षष्ठीत बसले. अशिलाचे वकिलावर प्रत्यक्ष नियंत्रण असते, त्याच्या सूचनेबाहेर वकिलाला जाता येत नाही, हे त्याचे एक प्रमुख कारण.

शब्दांचा इतिहास न्यायालयाच्या बाजूचा आहे, हे मान्य करायला हवे. 'वकील' म्हणजे प्रतिनिधी. पेशवाईत परदरबारी राहणारा दूतही वकीलच. 'अशील' हा अरबी 'असील'पासून आलेला, म्हणजे मूळ माणूस, ज्याच्या वतीने दुसरा बोलतो तो. पण शब्दाची व्युत्पत्ती आणि माणसाची अवस्था एक नसते. इंग्रजी अर्जावर खुणेच्या जागी सही करणारा आणि पुढची तारीख कारकुनाला विचारणारा अशील वकिलाचे नियंत्रण करतो, असे म्हणायला मोठीच कल्पनाशक्ती हवी. वकिली हा उदात्त पेशा आहे, व्यापार नव्हे, हेही निकालात आहे. वैद्यकी उदात्त नाही काय? १९९५च्या त्या निकालाचा फेरविचार व्हावा, असे या खंडपीठाने सुचवले होते. नोव्हेंबर २०२४मध्ये तीन न्यायमूर्तींच्या पीठाला तशी गरज वाटली नाही. विषमता कायम राहिली.

मग अशिलाने जावे कोठे? वकील परिषद १९६१च्या कायद्याने समज देईल, सनद निलंबित करील, नाव पटावरून काढील; बुडालेले पैसे भरून देण्याची तरतूद त्या शिक्षांत नाही. दिवाणी दावा मोकळा आहे. निष्काळजी वकिलावर केवळ तो वकील आहे म्हणून दावा लागत नाही असे नाही, हे १९२६च्या कायद्यानेच सांगितले आहे. पण त्या दाव्यासाठी कोर्ट फी हवी, वर्षे हवीत, आणि वकिलाविरुद्ध उभा राहणारा दुसरा वकील हवा. ग्राहक आयोगात निदान स्वतः उभे राहून आपल्या भाषेत गाऱ्हाणे मांडता आले असते.

इंग्लंडमध्ये सॉलिसिटरने नीट सेवा दिली नाही तर २०१०पासून कायदा-लोकपालाकडे विनाशुल्क जाता येते, आणि तो भरपाईचा आदेश देऊ शकतो. आपली वकिलीची घडण आपण तिथूनच घेतली. एवढी एक गोष्ट घ्यायची राहिली. वकील परिषदांच्या शिस्तपालन समित्यांना भरपाई देववण्याचा अधिकार द्यायचा तर संसदेला १९६१च्या कायद्यातील कलम ३५ दुरुस्त करावे लागेल. त्यासाठी षष्ठी-चतुर्थीचा वाद सोडवण्याचीही गरज नाही.