तेजोमेघांचीं छायाचित्रें आणि खरेपणा

गेल्या वर्षीं शाळेच्या विज्ञान-प्रदर्शनांत एका पालकांनीं मला विचारलेला प्रश्न अद्यापि माझ्या मनांतून गेलेला नाहीं. मैदानावर लावलेल्या दुर्बिणींतून त्यांनीं मृगनक्षत्रांतील तेजोमेघ नुकताच पाहिला होता. मग ते आंत आले, भिंतीवर टांगलेलें त्याच तेजोमेघाचें छायाचित्र त्यांनीं निरखून पाहिलें, आणि म्हणाले, "सर, बाहेर मला राखाडी धुक्याचा एक पुंजका दिसला, आणि येथें हें जास्वंदीसारखें लालभडक फूल! दोहोंपैकीं खोटें कोण?" मीं घाईघाईनें "कोणीच नाहीं" असें उत्तर दिलें व दुसऱ्या पाहुण्यांकडे वळलों. उत्तर सर्वस्वीं चूक नव्हतें, पण अपुरें होतें. आणि त्या अपुरेपणाची लाज मला पुढें आठच दिवसांनीं वाटली. ती हकीकत पुढें येईलच.

प्रथम त्या गृहस्थांच्या प्रश्नाचें नीट उत्तर देणें प्राप्त आहे. मृगाच्या पोटांत रुतलेल्या बाणाचे तीन तारे लहानथोर सर्वांच्या ओळखीचे आहेत. त्यांच्या दक्षिणेस थोड्या अंतरावर अंधुक तारकांची एक लहानशी ओळ आहे. तिच्या मध्यावर जी धुरकट तारका दिसते, तोच हा तेजोमेघ. तेथील प्रकाश आपणांपर्यंत येण्यास सुमारें साडेतेराशें वर्षें लागतात. त्याच्या गर्भांतील तरुण व अतितप्त ताऱ्यांच्या किरणांनीं भोंवतालचा वायु उजळतो. त्यांतील हायड्रोजन तांबडा प्रकाश देतो, आणि ऑक्सिजन हिरवट निळा. मग आपल्या डोळ्यांस हे रंग कां दिसत नाहींत? मंद प्रकाशांत आपल्या डोळ्यांतील ज्या पेशी काम करितात त्यांना रंग ओळखतां येत नाहीं, आणि गडद तांबड्या प्रकाशाच्या बाबतींत तर त्या जवळजवळ आंधळ्याच असतात. शिवाय डोळा प्रकाश सांठवीत नाहीं. तासभर टक लावून बसलें तरी पहिल्या क्षणीं जितका प्रकाश पदरांत पडला तितकाच शेवटच्या क्षणीं पडतो. कॅमेरा मात्र थेंबें थेंबें साचवितो.

या साचविण्याच्या गुणाचा लाभ प्रथम ज्यांनीं घेतला ते पोटासाठीं ज्योतिषी नव्हते, हें मुलांनीं अवश्य ध्यानांत ठेवावें. या तेजोमेघाचें पहिलें छायाचित्र ३० सप्टेंबर १८८० रोजीं न्यूयॉर्कचे डॉक्टर हेन्री ड्रेपर यांनीं अकरा इंची दुर्बिणीनें, एक्कावन्न मिनिटें प्रकाश घेऊन काढलें. १८८३ मध्यें लंडनजवळ ईलिंग येथें ए. ए. कॉमन यांनीं आपल्या बागेंतील छत्तीस इंची आरशाच्या दुर्बिणीनें त्याचीं इतकीं उत्कृष्ट चित्रें घेतलीं कीं डोळ्यांस न दिसणारे तारेहि त्यांत उमटले. हे गृहस्थ धंद्यानें सांडपाण्याच्या व्यवस्थेचे इंजिनियर होते! पुढच्याच वर्षीं रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीनें त्यांस सुवर्णपदक दिलें.

आज आमचीं मुलें तीन इंची भिंगाच्या दुर्बिणीनें व साध्या डिजिटल कॅमेऱ्यानें तेंच काम करितात. पृथ्वी तासाला पंधरा अंश फिरते, म्हणून दुर्बिणीलाहि ताऱ्यांबरोबर सावकाश फिरवावें लागतें. त्यासाठीं तिच्या बैठकीचा आंस ध्रुवाकडे रोखावयाचा. आपल्या दख्खनांत ध्रुव क्षितिजापासून जेमतेम अठरा-एकोणीस अंश वर असतो, आणि आमच्या वसतिगृहाच्या मैदानावर तर नेमका कडुलिंबाच्या आड! एवढी खटपट झाल्यावर एकेक मिनिटाचीं शंभर चित्रें घेऊन संगणकावर एकावर एक बसवितात. त्यामुळें चित्रांतील अनियमित ठिपक्यांचा गोंधळ दहा हिश्शांनीं कमी होतो. झांकण लावून काढलेल्या काळ्या चित्रांवरून कॅमेऱ्याचे स्वतःचे दोष वजा करितात, आणि भिंगावर पांढरें फडकें ताणून घेतलेल्या चित्रांवरून धुळीचे डाग घालवितात. हें सर्व न्याय्य आहे. तांदळांतील खडे वेंचून टाकण्याला कोणी लबाडी म्हणत नाहीं. वजन भरावें म्हणून दुसऱ्याच पोत्यांतील दाणे मिसळले तर मात्र गोष्ट निराळी.

आतां माझ्या चुकीची हकीकत. त्या प्रदर्शनांत दोन चित्रें स्पर्धेस होतीं. नववींतील एका मुलीच्या चित्रांत तारे किंचित् लांबट झाले होते, एक कोपरा काळवंडला होता, आणि गांवच्या दिव्यांमुळें पार्श्वभूमि मातकट दिसत होती. दहावींतील एका मुलाचें चित्र मात्र झगझगीत, रेखीव, जणूं मोठ्या वेधशाळेंतून आलेलें. परीक्षक मीच होतों. मीं पहिलें बक्षीस दुसऱ्यास दिलें. आठ दिवसांनीं सहज ताऱ्यांचा नकाशा शेजारीं ठेवून पाहतों तों त्या चित्रांत कोणत्याहि नकाशांत नसलेले बारीक तारे! मुलाला विचारलें. त्यानें निर्मळपणें सांगितलें कीं, चित्र "सुधारण्यासाठीं" तें एका संगणकीय योजनेच्या हवालीं केलें होतें, आणि तिनेंच तपशील भरला. त्यानें कांहींहि लपविलें नव्हतें. मींच त्याला विचारलें नव्हतें. बक्षीस मीं परत घेतलें नाहीं, कारण दोष परीक्षकाचा होता. परंतु त्या मुलीच्या घरीं जाऊन तिच्या आईवडिलांपुढें तो कबूल केला. तिच्या वडिलांनीं चहा दिला व "सोडून द्या, सर," असें म्हटलें. ती मात्र एक शब्दहि बोलली नाहीं.

कोणी म्हणेल, शाळेच्या भिंतीवरील एका चित्रापायीं एवढा खेद कां? २००४ च्या जानेवारींत अमेरिकेच्या केंटकी संस्थानांत जे मॅक्नील या हौशी निरीक्षकानें अंगणांतून, अवघ्या तीन इंची दुर्बिणीनें, मृगनक्षत्रांतीलच मेसिए ७८ या तेजोमेघाचें चित्र घेतलें. तें तपासतांना त्याला एक पुसट डाग दिसला. जुन्या वेधचित्रांत तो नव्हता. भिंगाचा दोष समजून त्यानें तो पुसला असता तर प्रकरण तेथेंच संपतें. त्यानें तो जाणत्यांस दाखविला, आणि एक तरुण तारा एकाएकीं भडकून भोंवतालची धूळ उजळली आहे असें निष्पन्न झालें. पुढें शोध घेतां १९६६ मध्यें दुसऱ्या एका हौशी माणसानें काढलेल्या चित्रांतहि तोच डाग सांपडला. २००६ च्या सुमारास तो मावळला, २००८ मध्यें पुन्हा उजळला. आज त्यास मॅक्नीलचा तेजोमेघ म्हणतात. जी योजना पूर्वींच्या हजारों चित्रांवरून "असें असावें" असें ठरवून चित्र भरते, ती हा डाग ठेवील काय? मला शंका आहे. जें पूर्वीं कोणीं पाहिलें नाहीं तेंच तिला दोष वाटावयाचें.

याच्या उलट, रंगास हातच लावूं नये असें म्हणणारेहि आहेत. त्यांचें म्हणणें मला पटत नाहीं. हबल दुर्बिणीनें १९९५ मध्यें गरुड तेजोमेघांतील स्तंभांचें जें विख्यात चित्र घेतलें, त्यांत गंधकाला तांबडा, हायड्रोजनला हिरवा व ऑक्सिजनला निळा रंग मुद्दाम नेमून दिला आहे. नकाशांत एखादा जिल्हा गुलाबी रंगविला म्हणून तेथील माती गुलाबी आहे असें कोणी समजत नाहीं. पण तें अशासाठीं कीं, नकाशाच्या कोपऱ्यांत रंगांची सूची दिलेली असते. आमच्या भिंतीवर ती सूची नव्हती. त्या पालकांच्या प्रश्नाचें खरें उत्तर तेथें हवें होतें.

म्हणून माझी सूचना अशी आहे कीं, यापुढें प्रत्येक चित्राखालीं एक चिठ्ठी असावी: किती चित्रें, किती वेळ, कोणती दुर्बीण, रंग कसे नेमले, काय काढून टाकलें. शेजारीं मूळचें एकच, न धुतलेलें चित्र लावावें. ज्यांत यंत्रानें कांहीं भरलें असेल तें चित्रकलेच्या दालनांत खुशाल टांगावें. तेथें त्याचें स्वागतच होईल. पालकांस एक विनंति: यासाठीं महाग दुर्बिणी घेऊन देऊं नयेत. साध्या तिपाईवर कॅमेरा ठेवून, नेहमींच्या भिंगानें दहा-दहा सेकंदांचीं शेंदीडशें चित्रें घेतलीं व जुळविलीं तरी हा तेजोमेघ लहानशा तांबूस ठिपक्याच्या रूपानें उमटतो.

नाताळच्या सुट्टीपूर्वीं, अमावास्येच्या सुमारास, वसतिगृहाच्या मैदानावर आकाशदर्शन ठेविलें आहे. पहिला तासभर कॅमेरे पेटींतच राहतील. मुलांनीं कागद-पेन्सिल आणावी व डोळ्यांस दिसेल तेवढेंच काढावें. चिठ्ठ्या लिहून घेण्याचें काम आतां दहावींत गेलेल्या त्या मुलीनें आपण होऊन मागून घेतलें आहे. जास्वंदीच्या फुलाविषयीं विचारणाऱ्या त्या पालकांसहि मीं निमंत्रण धाडलें आहे, आणि ते येतों म्हणाले आहेत.