आधी डक्टची गळती बुजवा, मग मोठा कूलर घ्या



उन्हाळा तोंडावर आला की हिंगोली, वसमत, कळमनुरीच्या बाजारात मोठ्या कूलरची चौकशी सुरू होते. मंगल कार्यालये, दवाखाने, अभ्यासिका आणि आता दुमजली घरांतही गच्चीवर एकच कूलर बसवून पत्र्याच्या डक्टमधून खोल्यांत हवा नेतात. काही उन्हाळ्यांनी ‘हवा लागत नाही’ अशी ओरड होते. मग मोटर वाढवतात, नाहीतर कूलरच बदलतात. डक्टकडे पाहायला मात्र गच्चीवर कुणी चढत नाही.

पहिला संशय डक्टवरच घ्यायला हवा. सांध्यांवरची कापडी टेप उन्हात वाळून सुटते, कूलरला डक्ट जोडणारा कॅनव्हास फाटतो आणि थंड हवा गच्चीवरच निघून जाते. अमेरिकेतल्या घरांत तर सर्रास डक्ट असतात. तिथल्या ‘एनर्जी स्टार’ कार्यक्रमाच्या मते साधारण घरात 20 ते 30 टक्के हवा वाटेतच वाया जाते. अशा डक्टला मोठी मोटर लावली की आतला दाब वाढतो आणि त्याच फटींतून आणखी हवा निसटते. पैसे खर्चून आपण गळतीच वाढवतो.

मला याहून जास्त सलते ते पाणी. कूलर हवा थंड करतो तो पाण्याची वाफ करून. म्हणजे फटीतून गेलेल्या प्रत्येक झोतामागे गच्चीवर चढवलेले पाणी खर्च झालेले असते, आणि तेही मे महिन्यात, जेव्हा जिल्ह्यातल्या कितीतरी वाड्या-तांड्यांवर बाया हंडे घेऊन उन्हात फिरत असतात. एरवी नळ ठिबकला तरी आपण धावतो.

उपाय अवघड नाही. कूलर चालू ठेवून ओला हात सांध्यांवरून फिरवला की गळती कळते. सांधा पुसून मॅस्टिक किंवा चांगले सीलंट भरावे, फाटका कॅनव्हास बदलावा आणि उन्हातल्या डक्टला इन्सुलेशन गुंडाळावे. खोली मात्र बंद करू नये. कूलरच्या हवेला बाहेर जायला खिडकी उघडी हवीच, नाहीतर दमट चिकचिक होते. दारे-खिडक्यांच्या फटी बुजवायच्या त्या एसीच्या खोलीत.

याच जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया या गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या वेधशाळेसाठी चार-चार किलोमीटरच्या निर्वात नळ्या उभ्या राहायच्या आहेत. त्या हवाबंद ठेवता येतात, तर वसतिगृहाच्या डक्टचे चार सांधे तपासणे अशक्य कसे? सार्वजनिक बांधकाम विभागाने आणि नगर परिषदांनी कूलरच्या निविदेत गळती तपासणीची अट घालावी आणि तपासणी झाल्याशिवाय ठेकेदाराचे बिल काढू नये.

– एक वाचक, कळमनुरी (जि. हिंगोली)