वाघ पुरे झाले, आमचा विजयंता कुठे आहे?

प्लास्टिकच्या सुट्या भागांतून रणगाडे, विमाने, जहाजे जुळवणारी जी एक जमात जगभर पसरलेली आहे, तिचा दरवर्षीचा एक नेम आहे. जर्मनीत न्यूरेंबर्गला खेळण्यांची मोठी जत्रा भरते, जपानात शिझुओकाला मॉडेलांचे प्रदर्शन भरते. त्याच्या आधी ही मंडळी ‘यंदा कंपन्यांनी कोणते नवे संच काढावेत’ याची यादी करतात. मी स्वतः या जमातीतला. गेली तीस वर्षे या याद्या वाचत आलो आहे. पूर्वी त्या वाचताना तोंडाला पाणी सुटायचे. आता राग येतो. तो का येतो, हे सांगायलाच हा लेख.

यादी उघडा. पहिला टायगर. मग दुसरा टायगर, पण चाके वेगळी. मग पँथर. मग तोच पँथर, कारखान्यातून निघालेल्या मधल्या महिन्यांतला. हिटलरच्या फौजेतल्या प्रत्येक लोखंडी जनावराची जन्मकुंडली या लोकांना पाठ असते. टायगर एकूण बनले किती? सुमारे १३५०. आणि १९४५ नंतर बनलेले रणगाडे? एकटा ब्रिटिश सेंच्युरियन ४४०० च्या वर बनला. रशियन टी-५४ आणि टी-५५ यांची गणती तर हजारांच्या दहा-दहा घरांत होते. जगात त्यांच्याइतका दुसरा कुठलाच रणगाडा बनला नाही. आपल्या मद्रासजवळच्या आवडी येथे बनलेला विजयंता सुमारे २२०० च्या संख्येने बाहेर पडला, म्हणजे टायगरपेक्षा कितीतरी जास्त. तरीही टायगरचे संच मोजायला हाताची नि पायाची बोटे पुरत नाहीत, आणि विजयंताचा प्लास्टिकचा संच मला आजवर एकाही दुकानाच्या फळीवर दिसलेला नाही.

यावर ठरलेले उत्तर मिळते : ‘बाजार आहे बाबा, जे खपते ते निघते.’ पोलादाचा साचा कापायला पैसा लागतो, तो वसूल व्हायला हजारो डबे खपावे लागतात, हे मला कळते. पण बाजार म्हणजे काही हवामान नव्हे, की ढग आले आणि पाऊस पडला. बाजार घडवावा लागतो. या धंद्यातले १/३५ हे प्रमाणच पाहा. कुठल्या शास्त्रात ते लिहिलेले आहे? जपानच्या तामिया कंपनीने १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला मोटरवर चालणारा पँथर काढला. पोटात बॅटऱ्या मावल्या पाहिजेत म्हणून त्याचा आकार ठरला, आणि मागाहून मोजले तर प्रमाण निघाले १/३५ च्या आसपास. बॅटरीच्या मापाने पडलेला तो पायंडा आज साऱ्या जगाचा नियम होऊन बसला आहे. बाजार असा घडतो.

बरे, युद्धोत्तर रणगाडे खपत नाहीत हेही खोटेच ठरले आहे. तामियाने सेंच्युरियन १९७० च्या दशकातच काढला. टी-५५ ला मात्र २००२ साल उजाडावे लागले. त्यानंतर तैवानच्या एएफव्ही क्लबने सेंच्युरियनचे नाना प्रकार काढले. हाँगकाँगच्या टाकोमने चीफ्टन काढला, फ्रेंच एएमएक्स-१३ काढला. चीनच्या ट्रम्पेटरने पाण्यावर तरंगणारा पीटी-७६ काढला. युक्रेनच्या मिनीआर्टने टी-५४ आणि टी-५५ असे काढले, की टरेट उचलला तर आत गोळे, आसने, इंजिन सगळे जागच्या जागी. हे डबे पडून राहिले असते तर एकामागून एक असे निघाले नसते.

आता ही नावे जरा पुन्हा वाचा. सेंच्युरियन, एएमएक्स-१३, पीटी-७६, टी-५५. यांतले एकही नाव आपल्याला परके नाही. १९६२ च्या ऑक्टोबरात चीनने चढाई केली तेव्हा २० लान्सर्सचे एएमएक्स-१३ विमानातून लडाखच्या चुशूलला उतरवले होते. २१ नोव्हेंबर १९७१ रोजी, युद्ध जाहीर होण्याच्याही आधी, पूर्वेला गरीबपूर येथे ४५ कॅव्हलरीच्या पीटी-७६ नी पाकिस्तानच्या शॅफी रणगाड्यांचा फडशा पाडला; त्या लढाईत मेजर दलजितसिंग नारंग कामी आले. आणि सेंच्युरियन! पूना हॉर्स ही पलटण १८१७ साली, पेशवाईच्या अखेरीस पुण्यात उभ्या राहिलेल्या घोडदळातून आलेली. १९६५ च्या सप्टेंबरात फिल्लोराच्या रणात तिचे सेनापती होते लेफ्टनंट कर्नल अर्देशीर तारापोर. पुण्यात शिकलेला, हैदराबाद संस्थानच्या फौजेतून आलेला हा पारशी अधिकारी. जखमी झाल्यावरही तो मागे फिरला नाही. १६ सप्टेंबरला पडला, आणि परमवीर चक्राचा मानकरी झाला. सहा वर्षांनी त्याच पलटणीतला एकवीस वर्षांचा अरुण खेत्रपाल बसंतरच्या लढाईत ‘फामागुस्ता’ नावाच्या सेंच्युरियनमध्ये पडला. तोही परमवीर. तो फामागुस्ता आज आपल्या अहिल्यानगरला, म्हणजे कालपरवापर्यंतच्या अहमदनगरला, लष्कराने जपून ठेवला आहे.

एवढे असून सेंच्युरियनचा डबा विकत घ्या आणि आतली डिकल, म्हणजे पाण्यात भिजवून चिकटवायची चिन्हे, काढून बघा. माझ्या हातून गेलेल्या डब्यांत मला ब्रिटिश चिन्हे मिळाली, इस्रायलची मिळाली. पूना हॉर्सची एकदाही मिळाली नाहीत. फामागुस्ता ही अक्षरे मी तीन शून्याच्या ब्रशने हाताने काढली. परदेशी कंपनीला तारापोर कोण हे ठाऊक नसेल तर तिला मी दोष देत नाही. तिला ते कोणी सांगितले? आपण तर आपल्याच माणसांना सांगितलेले नाही.

इथे आपल्याकडच्या शहाण्यांशी माझे भांडण सुरू होते. त्यांचा पहिला आक्षेप : ‘ही पोरांची खेळणी, वयाने वाढलेल्या माणसांनी काय घेऊन बसावीत?’ दिवाळीच्या दिवसांत हे ऐकले की हसू येते. बेळगावच्या कुठल्याही गल्लीत आत्ता जाऊन पाहा. पोरे चिखल कालवताहेत, गोणपाट ओले करताहेत, अळीव पेरताहेत. राजगड उभा राहतोय, पन्हाळा उभा राहतोय. बुरूज कुठे, चोरवाट कुठे, यावरून मोठी माणसे तावातावाने वाद घालताहेत. स्पर्धा होतात, परीक्षक येतात, बक्षिसे वाटली जातात. हे काय आहे? मॉडेलच आहे की! चिखलाचे आहे म्हणून संस्कृती आणि प्लास्टिकचे आहे म्हणून खेळणे, हा न्याय कुठला? किल्ला करता करता पोराला इतिहास कळतो, असे आपण अभिमानाने सांगतो. मग तोच हात, तोच डोळा, तोच इतिहास. फक्त १६५९ च्या जागी १९६५.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे, आणि तो घेणाऱ्यांना मी मान देतो. ते म्हणतात, ‘यातून युद्धाची पूजा होते.’ माझे म्हणणे नेमके उलट आहे. पूजा होते ती चौकात. चौथऱ्यावर जुना रणगाडा चढवतात, सव्वीस जानेवारीला त्याला तैलरंगाचा चकचकीत हात मारतात, गळ्यात झेंडूचा हार घालतात आणि खाली फोटो काढतात. तो कुठला, कुणाचा, कुठे लढला, याची पाटी बहुतेक ठिकाणी नसते. असली तर ‘रणगाडा’ एवढीच. याला पूजा म्हणतात. आणि ज्याने टी-५५ चा आतला भाग आपल्या हाताने जुळवला, त्याला विचारा. तेवढ्याशा लोखंडी हंड्यात चार माणसे, दारूगोळ्याला टेकून बसलेली. सेंच्युरियनच्या टरेटचे पुढचे कवच १५२ मिलिमीटर जाडीचे. १/३५ च्या मापात ते भरते जेमतेम सव्वाचार मिलिमीटर. त्या सव्वाचार मिलिमीटरच्या मागे एकवीस वर्षांचा मुलगा बसला होता, हे चिमट्यात धरलेला तुकडा ज्या स्वच्छपणे सांगतो, तितके कुठलेही भाषण सांगत नाही. मॉडेलवाला माणूस युद्धाचे पोवाडे गात नाही, कारण त्याने आत डोकावून पाहिलेले असते.

आमच्या या पट्ट्याला तर हे जास्त लागू आहे. बेळगावला मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र आहे. खानापूर, चंदगड, गडहिंग्लजकडच्या किती घरांत भिंतीवर गणवेशातला एक फोटो असतो! त्या फोटोखाली वाढलेल्या नातवाला पँथरच्या कवचाची जाडी तोंडपाठ, आणि आजोबांच्या काळात आपल्या फौजेपाशी कोणता रणगाडा होता हे सांगता येऊ नये? घरात आम्ही दोन-दोन, तीन-तीन भाषा बोलतो. या एका गोष्टीविषयी मात्र एकाही भाषेत बोलत नाही.

आता सरकारकडे वळतो. खेळण्यांवरची आयात जकात २०२० साली २० टक्क्यांवरून ६० टक्क्यांवर गेली, २०२३ साली ती ७० टक्क्यांवर नेली. १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना आयएसआयच्या शिक्क्याची सक्ती आली. हेतू चांगला आहे, देशी खेळण्यांचा धंदा वाढावा. पण जुळवायची मॉडेलेही जकातीच्या त्याच रकान्यात मोडतात. शिक्क्याचा हुकूम चौदा वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांसाठी आहे. डब्यावर ठळक छापलेले असते, ‘वय चौदा व पुढे’. तरी समोरचा अधिकारी काय वाचेल त्यावर सगळे अवलंबून. माझा एक डबा असाच एका कचेरीत अडीच महिने अडकून पडला होता आणि सुटला तेव्हा त्याच्यावर भरलेल्या पैशांत दुसरा डबा आला असता. मी पैशासाठी रडत नाही. मी विचारतो, हे ७० टक्के कोणाच्या रक्षणासाठी? उद्या इथला एखादा कारखानदार विजयंताचा साचा कापायला बसला, तर त्याच्या रक्षणासाठी मी तो कर हसत भरीन. कुंपण घातले आहे, पण आत पीकच पेरलेले नाही.

ते पेरायचे कोणी? माझा शेवटचा आणि सर्वांत मोठा राग इथे आहे, आणि तो आपल्यावरच आहे. उद्यमबागेत चक्कर मारा. ओतकाम, यंत्रकाम, मिलिमीटरच्या शंभराव्या हिश्शापर्यंत माप धरणारे कारागीर आपल्याकडे आहेत. तिकडे कोप्पळला खास खेळण्यांची औद्योगिक वसाहत उभी राहिली आहे. जी माणसे विमानाचे आणि मोटारीचे भाग परदेशी गिऱ्हाइकाच्या पसंतीला उतरवतात, त्यांना विजयंताची चाके ओतता येणार नाहीत? येतील. कोणी मागितलीच नाहीत.

म्हणून माझ्या जमातीला माझे सांगणे आहे, याद्या पुरे करा. यादी म्हणजे पत्रिकेवर ‘आहेर आणू नये’ असे न छापता केलेली वाट पाहणे. त्याऐवजी कामाला लागा. कंपनीला साचा कापायचा तर तिला मापे लागतात, चारही बाजूंचे फोटो लागतात, रंग आणि चिन्हे लागतात. विजयंता लष्करातून गेला आणि गावोगावच्या चौथऱ्यांवर येऊन बसला. त्याला टेप लावायला कोण अडवते? सज्जन परवानगी काढा, दोन पोरांना बरोबर घ्या, चाकाचा व्यास मोजा, पट्ट्याच्या कड्या मोजा, कागदावर उतरवा. अहिल्यानगरचे रणगाडा संग्रहालय १९९४ पासून उघडे आहे. दापोली-महाबळेश्वरच्या सहली काढणाऱ्या शाळांनी एकदा तिकडे गाडी वळवावी. जुन्या सैनिकांना विचारा, रंग कोणता होता, टरेटवर काय लिहिले होते. ते आज सत्तरी-ऐंशीच्या घरात आहेत. साचा दहा वर्षांनीही कापता येईल. ही माणसे दहा वर्षे थांबणार नाहीत.

आणि किल्ला करणाऱ्या पोरांच्या मंडळांनी यंदा नाही तर पुढल्या दिवाळीला पुठ्ठ्याचा, १/७२ मापाचा का होईना, एक विजयंता करून दाखवावा. परीक्षकांनी मात्र तो कुठला म्हणून पोरांना विचारण्याआधी स्वतः वाचून यावे.

परदेशी कंपन्या टायगर काढोत, पँथर काढोत. त्यांच्या घरचा तो प्रश्न आहे. पण ज्यांनी आपला रणगाडा कधी टेपने मोजलाही नाही, त्यांनी दुसऱ्याच्या दारात उभे राहून ‘आमचा का काढत नाही’ म्हणून कुरकुरू नये. आधी मोजा. मग मागा. आणि मागूनही मिळाला नाही, तर उद्यमबाग फार लांब नाही.