१८ तारखेच्या सकाळचं काय?

दरवर्षी १९ डिसेंबर आला की आपली भाषणं ठरलेली. ऑपरेशन विजय, छत्तीस तासांत गोवा मुक्त, टाळ्या! टाळ्यांबद्दल माझी तक्रार नाही. साडेचारशे वर्षांनी आलेली मुक्ती, टाळ्या हव्यातच. पण आदल्या सकाळचं काय?

१८ डिसेंबर १९६१, सोमवार. पुण्याहून आलेल्या बारा कॅनबेरा विमानांनी दाबोळीच्या धावपट्टीवर ६३ हजार पौंड बॉम्ब टाकले. मागाहून दुसरी तुकडी आली. हंटर विमानांनी बांबोळीचं वायरलेस केंद्र उडवलं (होय, आज आपलं गोमेकॉ आहे तेच बांबोळी). विमानतळाच्या इमारतींना धक्का लावायचा नाही, असा हुकूम होता. हे सगळं छापलेलं आहे, वैमानिकांच्या नावांसकट. पण धावपट्टीच्या शेजारच्या गावात कोण होतं?

चिखलीत माझी मावशी होती. आठ वर्षांची. न्हाणीत भाणातलं पाणी आपोआप हिंदकळायला लागलं, वरून कौलांचा चुरा पडला. आजीने तिला ओढून भाताच्या कणगीमागे दडवलं. दुपारपर्यंत पोर बोलली नाही म्हणे. विमानं कुणाची, हे तिला ठाऊक नव्हतं. आठव्या वर्षी ठाऊक असायची गरजही नाही.

हे कुठे सांगितलं की एखादा शहाणा लगेच म्हणतो, 'कशाला उकरता? मुक्तीला नावं ठेवणाऱ्यांच्या हातात कोलीत मिळेल.' आणि त्या दुसऱ्यांना, ज्यांना अजून 'आक्रमण' म्हणायची हौस आहे, त्यांना मावशी नकोच असते, तिची भीती तेवढी हवी असते. अहो, आपली मुक्ती इतकी तकलादू आहे का, की एका पोरीच्या भीतीने तिला तडा जावा?

बीबीसीने २००३ ते २००६ या काळात सामान्य माणसांच्या युद्धाच्या आठवणी मागवल्या. सुमारे ४७ हजार जमल्या! त्यात विमानं आली की तळघरात लपणारी पोरंही आहेत. त्यामुळे ब्रिटनचा विजय उणा झाला असं कुणी म्हणत नाही. आपल्याकडे पुतळे झाले, रस्त्यांना नावं दिली, आणि त्या दिवशी दहा वर्षांची असलेली मुलं बघता बघता पंचाहत्तरीला टेकली.

परवा मावशीला म्हटलं, सगळं नीट सांग, लिहून घेतो.

ती म्हणाली, "आतां विचारता? आवय आसतना विचारपाचें."